अठ्ठेचाळीस मिलिमीटर

क्रका नदीच्या वळणावर, नोवो मेस्तोच्या जरा बाहेर,
दारिंकाच्या शेडमध्ये गाडी चार ठोकळ्यांवर टेकलेली.
चाकं उतरवलेली. रंग, खरवडून पाहिला तर, पिवळा.
कागदोपत्री रेनो फोर. तिकडं तिला असं कुणी म्हणत नाही;
तिकडं ती कातर्त्सा,
याच गावच्या कारखान्यात जुळलेली, माहेरीच राहिलेली.

फरशीवर जुनी चादर, तिच्यावर
मागचे आर्म दोन, बुश चार, त्यांतले तीन टाचेसारखे भेगाळलेले,
एक शॉक ॲब्सॉर्बर, दाबला की खाली जातो
आणि रुसून तिथंच बसतो,
एक वाकडी कडी, कशाची ते अजून कळायचंय,
आणि दोन सळ्या.

सळ्यांचंच अडलंय.
मीटरहून लांब, अंगठ्याएवढ्या जाड, टोकांना दाते.
या गाडीला मागं गुंडाळीची स्प्रिंग नाहीच;
खड्डा आला की सळई स्वतःला पिळून घेते
आणि खड्डा गेला की सोडून देते.
सगळा पीळ मात्र सोडत नाही.
आपल्याकडं सुंभाबद्दल म्हणतात, तेच पोलादाचं:
जी उजव्या अंगानं पिळत आली ती डाव्या अंगाला लावली
तर एक दिवस भर रस्त्यात कट्‌कन तुटणार.

वडिलांनी सुतळीनं चिठ्ठ्या बांधल्या होत्या.
एकीवर एल, एकीवर डी.
डी म्हणजे देस्नो. मराठी मनानं डावं वाचू नये, त्यांचं देस्नो उजवं.
सुतळी उंदरांनी खाल्ली. चिठ्ठ्या डब्याच्या तळाशी,
कुणाच्याच नसल्यासारख्या.

रॉकेल, तारेचा ब्रश, जुनं बनियन.
एकीच्या टोकावर दोन रेघा उमटल्या.
दुसरीच्या, तीन.
रेघा दिसल्या, अर्थ नाही दिसला.
म्हणून तिनं टेप काढला, गाडीच मोजू म्हणाली,
पुढच्या हबच्या मध्यापासून
मागचा आर्म जिथं बसतो त्या भोकापर्यंत.
आधी उजवीकडं. मग डावीकडं. मग परत उजवीकडं.
डावी बाजू अठ्ठेचाळीस मिलिमीटर आखूड.

"रायको," ती म्हणाली. शेडमध्ये कुणीच नव्हतं.

सत्त्याऐंशी साल, रायको एकोणीस वर्षांचा.
रिव्हर्स घेताना मागचा डावा कोपरा चर्चच्या भिंतीला लागला.
वडील टेप घेऊन वाकले, उठले, म्हणाले, चासी गेली.
त्याचा उन्हाळाभराचा पगार त्यांनी कापून घेतला.
पुढं कितीतरी वर्षं, रविवारच्या सूपवर,
गाडी डावीकडं ओढते असं कुणी म्हटलं
की सगळे रायकोकडं बघायचे.
तो मग मारिबोरला गेला तो गेलाच. नाताळलाही क्वचित.

शेजारचा लोय्झे आला, टेप बघून हसला.
"अगं, सगळ्यांच्या अशाच. मुळातूनच.
सळ्या गाडीच्या रुंदीएवढ्या, एका ओळीत मावणार कशा?
म्हणून एकीमागं एक, आणि म्हणून एक चाक पुढं.
तीन रेघांची डावी. डोळे मिटून बसव."
मग हसू जरा आवरून,
"तुझे वडील मागच्या ॲक्सलवरच होते की. बारा वर्षं."

दारिंकानं टेप सोडला, तो सर्रकन आत गेला.
चिठ्ठ्या तिनं उजेडात धरल्या.
डी, पोटाशी फुगलेला, ठाम,
खाली एक रेघ मारलेली.
चुकणाऱ्या माणसाचं अक्षर नव्हे ते.

लोय्झेनं उगाच ती वाकडी कडी उचलून पाहिली,
"ही या गाडीची नाहीच," म्हणाला, आणि गेला.

तीन रेघांच्या सळईला तिनं एल बांधला, या वेळी तारेनं.
डी हातातच राहिला.
मारिबोरला फोन बराच वेळ वाजला.
"रायको, कामात आहेस?
नाही, सगळे बरे आहेत. गाडीचंच आहे.
जवळ कागद आहे का?
एक आकडा लिहून घे."