पातळ बाजार

त्रिएस्तेत आज कुणी कुणाला फोन करत नाही.
पंधरा ऑगस्ट.
बेकरीच्या शटरवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: एकवीसला उघडू.
चांभाराची तशीच, दातांच्या डॉक्टरची तशीच.
गोदीसमोर तिसऱ्या मजल्यावर
पंखा तेवढा फिरतो आहे,
आणि त्याच्याखाली मी.

मी कॉफी विकते.
म्हणजे दाण्याला हात न लावता
डिसेंबरचा दाणा ऑगस्टात विकते.

म्हातारे विदुलिच असते तर
तेरा तारखेलाच सगळे सौदे मिटवून
किल्ली खालच्या पहारेकरणीकडे देऊन मोकळे झाले असते.
‘बाजार माझ्यावाचून अडत नाही,
हे वर्षातून एकदा तपासून घ्यावं.’
मी म्हणायचे, दंव काही सुट्टी घेत नाही,
ब्राझीलच्या डोंगरांवर आत्ता थंडीचे दिवस आहेत.
‘मग पडू दे की.
तू काय तिथे जाऊन झाडांवर चादर घालणार आहेस?’

ते निवृत्त झाले. किल्ली माझ्याकडे आली.
मी ती कुणाकडेच देत नाही.

सव्वादहाला न्यूयॉर्क उघडलं.
उघडलं म्हणायचं एवढंच. निम्मी माणसं किनाऱ्यावर,
आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात अंतर इतकं
की मधून भरलेली बैलगाडी जावी.
एरवी इथे दगड टाकला तर समुद्राला कळत नाही;
आज बादली आहे.

एक वाजून वीस मिनिटांनी
कुणीतरी कुणालातरी म्हणालं: मिनासमध्ये दंव.
भाव उठला.
दोन सेंट, पाच, मग मधल्या पायऱ्या गाळून
अकरा.
विकून ठेवलेले माझे चार लॉट
मी घाईघाईने परत घेतले,
नेमके सगळ्यात वरच्या पायरीवर.
विचारायला शेजारी कुणी नव्हतं.
शेजारच्या खुर्चीवर दारिओचं जाकीट होतं,
जुलैपासून तिथेच लटकलेलं.

तीनला कळलं, धुकं होतं.
नुसतं धुकं.
भाव खाली उतरला आणि सकाळी होता तिथे
येऊन बसला, मांजरासारखा,
जणू रात्रभर घरातच होता.

साडेसोळा हजार डॉलर.
आईच्या घराचं छप्पर एवढ्यात झालं असतं.
जे पोहत होते त्यांचं काहीच गेलं नाही;
त्यांच्यासाठी हा दिवस
घडलाच नाही.
(पण खरंच दंव असतं तर?
पंख्याखाली बसून हे मी
पुन्हा पुन्हा विचारलं.
खरंच असतं, तर आज रात्री मी
विदुलिचांवर हसले असते.
ह्या प्रश्नाला तळ नाही.)

सहाला मी पंखा बंद केला.

आमच्या पोहण्याच्या जागी मधोमध पांढरी भिंत आहे,
थेट पाण्यात उतरलेली.
बायका इकडे, पुरुष तिकडे.
आई नेहमीच्या जागी, गोट्यांवर टॉवेल,
सुरीने पीच कापत होती.
‘उशीर केलास. काय झालं?’
काही नाही, मी म्हटलं.
भाव पाहिला तर ते खरंच होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला,
आणि ओळखीचा, ओला, घोगरा आवाज:
‘ओंदिना, तुझी नेरेआ आली का गं?
विचार तिला, डिसेंबर कुठे आहे?’

आईने माझ्याकडे पाहिलं. तिची सुरी थांबली.
‘सकाळी होता तिथेच,’ मी भिंतीला ओरडून सांगितलं.
‘बघ! म्हटलं नव्हतं?’
आणि पाण्यात पडल्याचा मोठा आवाज,
ऐंशी वर्षांचं शरीर, पोटावर.

गोटे अजून तापलेले होते.
मी चप्पल काढली,
आणि पाय भाजत
भिंत जिथे संपते त्या बाजूला चालू लागले.