आस

सर्जेकोटच्या जेटीवर, मिठानं खाल्लेल्या पायरीवर
दिगंबर खोबरेकर जाळं शिवतात
आणि शेजारी बसून मी
भोकं असतात की नाही यावर निबंध लिहिते.

बारा पानं हवी आहेत, तळटिपांसह.
माझं म्हणणं साधं:
जगात वस्तू आहेत, एवढं मान्य.
भोक ही वस्तू नव्हे, वस्तूची गैरहजेरी,
आणि गैरहजेरी मोजता येत नाही.
(हजेरीपटावर मी ती रोज मोजते, ते वेगळं.
तृतीय वर्षाला तत्त्वज्ञान घेतलेली एकच मुलगी,
तीही पापलेटच्या दिवसांत येत नाही.)

काकांना सांगितलं तर सुई न थांबवता म्हणाले,
"सूत इकत घेवचा लागता, मॅडम. भोकां फुकट गावतत."
मग बऱ्याच वेळानं,
"पण मासो सुतात गावना नाय. भोकात गावता."

ते मी वहीत उतरवलं.
तळटीप कशी देणार?

परवा मत्स्य खात्याचे बिर्जे साहेब आले,
हातात त्रिकोणी पत्रा, कडेला मिलिमीटर कोरलेले.
वीस ठिकाणी घालून पाहिला, सरासरी काढली:
तेहतीस. चाळीस हवेत.
त्यांच्या कागदावर 'आसाचा आकार' असा छापील रकाना आहे.
सात मिलिमीटर नसणं कमी पडलं,
त्याची पावती फाडली.

काका साहेबांवर चिडले नाहीत.
त्या सात मिलिमीटरांतून कोण जातं ते त्यांना ठाऊक आहे,
बोटाएवढे बांगडे, अंगठ्याएवढे पेडवे.
"सोडलंय तर फुडल्या वर्साक माकाच गावतले, साहेब म्हणता.
माका कशे? ते दुसरेच आसतले.
आणि तवसर मी तरी खंय आसतलंय?"

माझ्या विषयात याला लांबलचक नाव आहे.
आस मोठा केला तर वेगळेच मासे जन्मतील,
वेगळा पैसा, वेगळ्या दिवशी ठरलेली लग्नं, वेगळी मुलं.
नाही केला, तर रित्या समुद्रावर जी मुलं येतील
ती कुणाविरुद्ध तक्रार करणार?
आस मोठा असता तर ती आलीच नसती.
चांगली चांगली माणसं या वादात म्हातारी झाली.
इथे नौका पहाटे चारला सुटायची आहे.

मी विचारलं, मधलं सूत तुटलं तर?
दोन आस मेले, की एकात एक मिसळले?
"आस न्हय ता मग. भोक."
"फरक काय?"
"आस मी केलंय. भोक केंड माशान केल्यान."

घरी येऊन कोश काढला.
आस, स्त्रीलिंगी: आशा, ओढ.
बंदरावर तो पुल्लिंगी, चौकोनी, पत्रा घालून मोजण्याजोगा.
आणि काकांच्या बोलीत 'आसा' म्हणजे, आहे.
या तिघांचं काही नातं नसणार,
व्युत्पत्तीवाले हसतील.
तरी त्या संध्याकाळी निबंधात एक ओळही पुढे सरकली नाही.

परीक्षकांचा अभिप्राय आला:
युक्तिवाद बरा, उदाहरण फार स्थानिक,
जाळ्याऐवजी या विषयात रूढ असलेलं चीज घ्यावं.
चीज मी दोनदा खाल्लंय.
दोन्ही वेळा त्याला भोक नव्हतं.

काल दिव्याखाली काकांनी सुई माझ्या हातात दिली.
एक आस विणायला अर्धा तास लागला, वाकडा झाला.
त्यांनी दोन बोटं आत घातली, फिरवली, काढली.
"चलात."

तो पहाटे गेला, हजारोंतला एक,
नौकेवरच्या ढिगात कुठेतरी.
दुपारी लिलावाला टोपल्या उतरल्या.
माझ्या आसातून निसटला असेल तो मासा
त्यात नव्हता,
असणारच नव्हता.
मी तरी पुष्कळ वेळ
टोपल्यांत वाकून पाहत होते.