लाखेचा थेंब

पितळी वजनांची पेटी मी उचलायचो तान्ह्या बाळासारखी.
आत निळी मखमल, प्रत्येक वजनाला आपापला खळगा,
बोटांचा घाम लागू नये म्हणून चिमटा,
पुसायला सांबराच्या कातड्याचा तुकडा.
तीन नळ चौकात माझी स्कूटर थांबली
की सगळ्या इतवारीत कुजबुज पोचायची.
कुणी पारड्याखालचं चुंबक काढायचं,
कुणी चहा मागवायचं.
चहा मी कधी घेतला नाही.
हे मी अजूनही सांगतो, आणि सांगताना
माझा आवाज चढतो म्हणे. बायको सांगते.
मला ऐकू येत नाही.

मे महिना. मिरचीच्या ओळीत हवासुद्धा खोकत होती.
पार्बताबाई पौनीकर, भिवापुरी मिरचीचं एक पोतं,
किलोचं एकच लोखंडी वजन, शिसं झिजलेलं.
एका पारड्यात तिचं ठेवलं, दुसऱ्यात माझं.
काटा माझ्याकडे झुकला.
"हलकं आहे, बाई."
ती म्हणाली, "साहेब, तुमचंबी एकडाव पाहून घ्या नं."
ओळ हसली. मीही हसलो,
इतका, की ठसका लागला,
आणि तो मी मिरचीच्या नावावर टाकला.
वजन जप्त. पाकिटावर लाख ओतली,
वर सरकारी शिक्का.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी
शेजाऱ्याची, पुढाऱ्याची, महागाईची नावं घेत
"घेऊन जा गे मारबत" ओरडलं सगळं शहर.
मीही ओरडलो. कुणाचं नाव घेतलं, आठवत नाही;
माझं नव्हतं.

त्याच आठवड्यात पेटी तपासणीला गेली.
मिसरूड न फुटलेला एक पोरगा होता टेबलावर.
त्यानं माझं किलोचं वजन उलटं केलं.
वीस वर्षांत मी ते उलटं केलं नव्हतं.
"सर, बुडाला लाख आहे."
जुन्या चवलीएवढा लाल डाग.
माझीच लाख, कुठल्या जप्तीत उडालेली कोण जाणे.
दोन ग्रॅम.
त्यानं नखानं खरवडली, फुंकर मारली,
रजिस्टरात लिहिलं : बरोबर.

त्या वर्षीच्या माझ्या वहीत एक्केचाळीस नावं आहेत.
मी एकच पाठ केलं.

रिटायर झाल्यावर तीन बुधवार शोधली, तेव्हा सापडली.
सून बसली होती हिरव्या आकड्यांच्या काट्याशी,
ती बाजूला मिरच्यांचे देठ खुडत.
मी सगळं सांगितलं. वाक्यं घरून घासून नेली होती.
ती खुडत राहिली.
"कोनते साहेब? लई आले, बाप्पा."
मग जरा थांबून,
"अन् थे वजन तं माह्या सासऱ्याचं होतं.
हलकंच असंल. नसंलबी. आता कोनाले मालूम?"

इतकी वर्षं मी जे वाहत होतो
त्याचा आकडा मला आता कुणाकडून मिळणार होता?
शिक्षा मागायला गेलो होतो
की शिक्का?
तिनं कागदात मूठभर मिरच्या बांधल्या,
न मोजता. "न्या."

घरी येऊन हात धुतले, दोनदा, साबण लावून.
वास घेतला. स्वच्छ होते.
रात्री झोपेत डोळा चोळला
तेव्हा कळलं.