सरपण

ओडील मिशो सकाळी सहाला गोदाम उघडते.
कुलूप गोठलेलं. ती आधी त्यावर फुंकर घालते,
मग चार फ्रेंच शब्द, जे सिनेटच्या कामकाजातून
काढून टाकावे लागले असते.

चौदा वर्षं ती राजधानीत होती,
तांब्याच्या घुमटाखाली, खिडकीपासून लांब.
तिच्या भाषणांत बटाटे फार यायचे:
सुगीत शाळा तीन आठवडे बंद, आम्ही पोरं शेतात,
पिंपामागे पन्नास सेंट, आणि नखांतली माती नाताळपर्यंत.
भाषणं मी टाइप करायचो.
पन्नासचे पस्तीस व्हायचे, गाव बघून.

जूनमधली एक रात्र. दोन वाजले होते.
अंदाजपत्रक जुळत नव्हतं,
पिझ्झाच्या खोक्यावर कुणीतरी आकडे मांडत होतं.
बोट चारशे बाराव्या ओळीवर थांबलं:
हिवाळी इंधन साहाय्य, पूरक.
'पूरक' या शब्दानं घात केला.
पुढच्या वर्षी परत घालू, म्हणाली, आणि हात वर केला.
मी मान हलवली. माझ्या मानेला मत नव्हतं, तरीही.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात.
त्या रात्री तसं काही वाटलं नाही.
दांड्याला ते वाटत नसावं कधीच.

नोव्हेंबरात ती हरली, एकसष्ट मतांनी.
एकसष्ट म्हणजे कोण कोण, हे तिनं वहीत मांडून पाहिलं:
दोन अंत्यविधी, एक बारसं,
बोलिंगवाल्यांचं जेवण, जिथं जायचं राहून गेलं.
फोन आठवडाभर वाजला.
मग फक्त दातांच्या दवाखान्यातून.

जानेवारीत नदीकाठच्या लुसियन डेगलला
शेजाऱ्यांनी दार फोडून बाहेर काढलं.
वाचला. पायाची दोन बोटं गेली.
ओडील भेटायला गेली, मी गाडी चालवली, जुन्या सवयीनं.
'बसा ना,' लुसियन म्हणाला.
घरात खुर्ची नव्हती.
चारही त्यानं चुलीत घातल्या होत्या, एका आड एक रात्र,
टेबलाचे पाय धरून अकरा दिवस निघाले, असं त्यानं सांगितलं,
हिशेब चोख होता याचा थोडा अभिमान होता त्याला.
आम्ही तासभर उभे राहिलो.
परतताना ती काहीच बोलली नाही,
फक्त एका वळणावर म्हणाली, चारशे बारा.

तर आता ही लाकडाची बँक.
पाटीवर 'संचालक', पगार सिनेटपेक्षाही कमी,
सात जणांचं मंडळ, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत.
ओक, मॅपल, वादळात पडलेला बर्च,
कुणाच्या मेलेल्या बापाच्या अंगणातली राख-झाडं.
देणगीच्या अर्जात रकाना असतो:
किती जीवनांवर परिणाम झाला?
ती लिहिते, एकशे चार चुली.
अर्ज परत येतो. ती पुन्हा तेच लिहिते.

मार्चमध्ये समितीपुढे बोलायला गेली.
नागरिकांना तीन मिनिटं. घंटा वाजली
तेव्हा ती बटाट्यांपर्यंतही पोचली नव्हती.
हीच घंटा तिनं कितीदा वाजवली होती, विधवांवर, मच्छीमारांवर,
हात न थरथरता.
समितीत तिला हरवणारा वेंडेल हॅफर्ड होता.
त्यानं पाणी पुढे केलं. तिनं प्यायलं.
ओळ अजून परत आलेली नाही.

शनिवारी लुसियन येतो, काठी टेकत,
दोन ओंडके एकमेकांवर आपटून कानाशी धरतो.
सुकं लाकूड टणकन बोलतं,
ओलं नुसतं 'हं' म्हणतं.
चौदा वर्षं मी 'हं' ऐकत बसले, ओडील म्हणते,
आणि मग, हातमोजे झटकत, म्हटलंही.
लुसियनला हे ऐकू गेलं की नाही, कळत नाही.
तो पुढचा ओंडका उचलतो. 'हा ओला,' म्हणतो,
'हा पुढच्या हिवाळ्याला.'
ट्रक अजून अर्धा रिकामा आहे.