ते

मोहाडीच्या रस्त्याला, टाक्या धुऊन झाल्या की
मी वहीत दोन रकाने आखते : ल आणि ला.
बाटली तिकडेही तीच.
टेबल मात्र ती, पुस्तक तो, द्राक्षसुद्धा तो.
आमचं जे जे 'ते' होतं
ते ढकलते एकेका रकान्यात,
जीव होत नाही तरी.
चहाला म्हणतात 'ते', पण तो तोच.

मस्यू बर्त्रां हंगामापुरते आलेत. ते शिकवतात :
भूक लागत नाही, भूक असते माझ्याकडे,
डब्यात भाकरी असावी तशी.
नाही म्हणायचं तर क्रियापदाला
दोन्हीकडून धरायचं, छाटणीच्या कात्रीसारखं.
बोलताना स्वतः एक पातं विसरतात.

आज माझ्या पोटाकडे बघून
हळूच विचारलं : इल? एल?

दिंडोरीच्या दवाखान्यात पाटी आहे,
हे विचारायचं नसतं आमच्यात.
एवढं सांगायला
माझ्याकडे शब्द नव्हते. भूक होती.
वही उघडून दोन रकान्यांमधल्या रेघेवर
बोट ठेवलं
आणि म्हटलं, ते.

'आ, ते!' म्हणत उठले,
आणि कोपऱ्यावरच्या निकमकडून
दोन कटिंग घेऊन आले.