आवाजाचा रकाना

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या पहाटे
केळशीची खाडी पार तळाला गेलेली.
चपला बांधावर काढून मी चिखलाच्या कडेला बसतो,
तिकाटणं रोवतो,
दुर्बिणीच्या काचेवरचं दव सदऱ्याच्या टोकानं पुसतो.

कुरवांची डोकी काळी झालीत.
म्हणजे निघालेच.
मागच्या पंधरवड्यात कानामागे नुसता ठिपका होता,
आता सगळे टोप्या घालून वाऱ्याकडे तोंड करून उभे.
चिखल्यांच्या छातीवर कौलाचा रंग चढलाय.
खातायत नुसते,
एकमेकांच्या पायांतून, मान वर न करता,
पुढच्या मुक्कामाला पान वाढलेलं नसणार
हे ठाऊक असल्यासारखे.

दहा, वीस, चाळीस…
मुकादमांची होडी फटफटत जाते
आणि मी पुन्हा एकपासून.

वहीत पाच रकाने :
जात, संख्या, वेळ, वारा, आवाज.
शेवटचा रिकामा राहतो हल्ली.
आधी तुतवार गेला, मग चिखल्या,
कुरल गेल्या शिमग्यात.
दापोलीच्या डॉक्टरनं आलेख दाखवला,
उजवीकडे कड्यासारखा तुटलेला.
म्हणाला, बारीक आवाज जातील काका, माणसं राहतील.
राहिलीत. बँकेतली, लग्नातली,
लाऊडस्पीकरवरची तर नक्कीच.

काचेत एक कुरल मान उचलतो.
ती लांब वाकडी चोच उघडते,
गळा थरथरतो,
आणि काही होत नाही.

पलीकडे गुडघाभर चिखलात तिसऱ्या चाचपणारी
द्रुपदी चोगले, वर न बघताच :
"कोयत्या वराडला, मास्तर."
"कसा?"
अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही विचारलं असेन.
ती कंबर सरळ करते,
लुगड्याला हात पुसते,
इकडेतिकडे बघून
तोंडाचा चंबू करून काढते आवाज.
लाजते. "तसा नाय.
शेवटाला वर जातो तो, जिना चढल्यागत."
पुन्हा काढते.

तिचा आवाज जाडा, तंबाखूचा.
मला नीट ऐकू येतो.
एकाही पक्ष्यानं मान वळवली नाही.

कुरल अकरा. की बारा.
वारा वायव्येचा, मंद.
आवाज : द्रुपदी चोगले, दोनदा.

भरती चपलांपर्यंत येईस्तोवर
निम्मा चिखल रिकामा झालेला.
कधी उठले, कळलं नाही.
"वाटा घेतास? पन्नासला," ती विचारते.
मी पिशवी उघडून धरतो.