आभाराचं पान

पांढरं फ्लॅनेल, एक मीटर बाय एक मीटर,
एका कडेला काठी, काठीला दोरी.
काजीच्या बागेतून मी ते ओढत नेते
पाचोळ्यावरून, दहा पावलं. थांबते. उलटून मोजते.
तिळाएवढ्या गोचिडी, चिमट्याने कुपीत.
चार वर्षं हेच.
घरचे सांगतात, मुलगी डॉक्टर होतेय.
शेजारी लगेच गुडघा पुढे करतात.

माकड मेल्याचा फोन पहाटेच येतो.
पास्कू जीप काढतो, बांद्यापर्यंत बोलत नाही.
पन्नास पावलांच्या आत कुणी जायचं नाही, असा नियम.
आम्ही जातो.

तिथेच ती भेटली.
चिकाने बोटांची सालं गेलेली,
ताप उतरून दोनच दिवस.
शीर लगेच सापडली. पाच मिलिलिटर.
नळीवर लिहिलं : दो-४७.
बर्फ संपला होता.
वेंगुर्ल्याच्या जेटीवर बांगड्याच्या पेटीतला मागून घेतला,
आणि तिचं रक्त
माशांच्या वासात पुण्याच्या गाडीत बसलं.

"काय गावला गो?"
जानेवारीत विचारलं, फेब्रुवारीत विचारलं.
म्हटलं, अहवाल यायचाय.
आला होता.
धड हो नाही, धड नाही नाही.
दुसरा नमुना हवा होता, एकविसाव्या दिवशी.
एकविसाव्या दिवशी दाराला कडी.

अशांसाठी तक्त्यात एक रकाना असतो : पाठपुरावा तुटला.
सर म्हणाले, टाक त्यात, एकीने काय बिघडतंय.
आकड्यांचं खरंच काही बिघडत नव्हतं.

मी गेले तरी.
ती खालच्या बागेत बोंडं पिळून बिया काढत होती.
"एकदा दिलंय मां? रगत म्हणजे काय व्हाळाचा पाणी?"
मग हात पुसून कनवटीची काडेपेटी काढली.
आत कागदाच्या तीन पुड्या.
"ही पाणवठ्याची, वांदर मेलो त्या दिसाची.
ही खालच्या काजीतली, सोमवारची.
ही माझ्या पायाची.
तुझ्या फडक्यार ही चढूची नाय.
ही माणसाच्या वासाक येतत."

शिरोड्याच्या खोलीत प्रबंध लिहिते.
खिडकीबाहेर मिठागरं, मिठाचे ढीग झावळ्यांनी झाकलेले.
तिसरं प्रकरण : नमुने गोळा करण्याची पद्धत.
त्यात काडेपेटी बसत नाही.
एक वाक्य घुसवलं होतं.
सरांनी लाल पेनाने, तसं प्रेमानेच, काढलं.

उरलं आभाराचं पान.
तिथे विद्यापीठ आहे, सर आहेत,
पास्कू फर्नांडिस आहे,
बर्फवाल्या इस्माईलचाचांचंही नाव आहे.
तिचं लिहिता येत नाही.
नाव गुप्त राहील, असं संमतीपत्रात
मीच तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं,
आणि ती हसली होती :
गुप्त कित्याक, मी काय चोरी केलंय?

तर दो-४७, तुझे आभार.
हे लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं.
आकड्याला वाकून नमस्कार केल्यासारखं दिसतं ते.

दोनशे चौदा पानं झाली.
काडेपेटी टेबलावर आहे, कोरडी,
हलवली की तांदळासारखी वाजते.

काल पास्कू आला, चहा घेतला,
जाताना दारात थांबला.
"ती बाय परत इचारी होती,
काय गावला म्हणान."